उसना दशक

कॉलेजात शिकवलं होतं,
पाठ सुरू करावा मुलांच्या पूर्वज्ञानापासून.
म्हणून रात्री जागून कार्डशीटवर रंगवला बांगडा,
पोटाला चंदेरी कागद चिकटवला,
आणि तिसरीच्या बारा मुलांपुढे धरून विचारलं,
"हा कोण?"
बारा जण गप्प.
मग मृणाली तारी, अगदी हळू, माझी लाज राखत:
"बाई, ह्येका तुमच्याकडे काय म्हणतत?"

मी गडहिंग्लजची. आमच्याकडे मासा म्हणजे
आठवडी बाजारातला, नदीचा, बिननावाचा.
साहित्याला तरी पाचपैकी चार गुण पडले.

सातवा पाठ गणिताचा.
बावन्न वजा सत्तावीस.
मागे सतरंजीवर निरीक्षणाला सामंत मॅडम,
कारण शाळेतल्या एकुलत्या खुर्चीवर पोषण आहाराचा तांदूळ.
मी म्हटलं, दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारी जायचं, दशकाच्या घरी,
एक उसना मागायचा.
पटलं सगळ्यांना. उसनं मागणं सगळ्यांना ठाऊक:
वाटीभर साखर, डिझेलचा कॅन, जाळ्याची बुचं.
"पंचवीस!" एका आवाजात.
आणि मग सर्वेश कोयंडेचा हात.
"बाई, उसनो घेतलो, तो परत कधी देवचो?"

कोणी हसलं नाही.
मी फळ्याकडे पाहिलं: पाचावर मारलेली काट,
डोक्यावर बारका चार.
"गणितात परत द्यायचं नसतं," मी म्हणाले.
त्याने मान हलवली,
बँकेचा माणूस दारात आला की
घरात कोणीतरी हलवत असेल तशी.

मॅडमनी लिहिलं: फलकलेखन सुबक. आवाज सुस्पष्ट.
त्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही.
मला वाटलं, सुटले.

रात्री कांबळीकाकूंच्या माडीवर टाचण लिहिताना
'पडताळा' ह्या शब्दापाशी पेन थांबलं.
पंचवीसमध्ये सत्तावीस मिळवा.
पाच नि सात बारा. दोन खाली,
हातचा एक.
आणि तो हातचा उठून चालत गेला
नेमका त्याच घरात,
जिथून काल दुपारी त्याला मी उचलून आणलं होतं.
पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गेला.

सकाळी वर्गात तिघंच.
"सगळी रापणीक गेली, बाई."
हेडसर म्हणाले, हजेरी दहानंतर घेऊ, बांगडा लागलाय.
मी चपला हातात घेऊन पुळणीवर.
अर्धी वाडी दोराला, सर्वेश अगदी शेवटाला,
टाचा वाळूत रुतवून, शाळेच्याच चड्डीत.
त्याच्यामागे मीही दोर धरला.
वाळूत बोटाने लिहून दाखवणार होते,
पण दोन्ही हात अडकलेले,
तेव्हा ओढता ओढताच सांगितलं,
पाच नि सात, हातचा एक, तो परत दशकात.
त्याने वळूनही पाहिलं नाही.
बराच वेळ नुसतं ओढणं.
मग: "म्हणजे फिटलो."
"फिटला."
"मगे काल कित्याक नाय सांगलास?"

मला येत नव्हतं, असं म्हणाले.
ते त्याला चाललं.

जाळं आलं. वाटे पडले.
दोराला हात लावला त्याला वाटा, असं म्हणत
कोणीतरी चार बांगडे माझ्या ओढणीत टाकले.
चंदेरी कुठले! पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी रेघा,
पोटाला पिवळट झाक,
आणि डोळा, मी काढला होता त्याहून कितीतरी पुढे.

फाइलीत हा पाठ नाही.
उद्दिष्ट, साहित्य, तासिका, निरीक्षकाची सही,
यातलं काय लिहिणार?
वीस लागतात. माझे एकोणीसच आहेत अजून.

काकूंनी विचारलं, "साफ करूक येतत?"
नाही, म्हटलं.
त्यांनी विळी माझ्याकडे सरकवली.
"बसा."